शेवटच्या बांधीला पहिलं पाणी

मी चोवीस वर्षं पलटणीत स्वयंपाक केला. लढाईबद्दल मला जे काही कळतं ते चुलीजवळ बसून कळलेलं आहे, आणि ते बऱ्याच टीव्हीवाल्यांपेक्षा जास्त आहे असं माझं मत आहे. निवृत्त झाल्यापासून कराडजवळच्या आमच्या गावी लग्नामुंजीची जेवणं करतो. जेवणं चांगली होतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं चार मोठी माणसं येणार आहेत आणि त्यांच्या गर्दीत आचारी हरवायला नको.

जानेवारीत टेकचंदचा फोन आला. टेकचंद गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकश्याचा. पलटणीच्या लंगरमध्ये, म्हणजे सैनिकांच्या स्वयंपाकघरात, तो अकरा वर्षं माझ्याबरोबर होता. भात त्याचा, भाजी माझी, अशी आमची वाटणी. हालहवाल न विचारताच तो म्हणाला, "हनमंतभाऊ, चार धरमाचे चार जन गावोगाव फिरून राहिले. लढाई नको म्हनून सांगून राहिले. चौघाइचं खानं चार तऱ्हेचं. मी एकटा पागल होऊन राहिलो. तू ये."

त्या दिवसांत टीव्ही लावला की लढाईचीच भाषा असायची. कुणाला कसा धडा शिकवायचा हे खुर्चीत बसून सांगणारी माणसं रोज नवी यायची. मला त्यांचा राग यायचा, कारण त्यातल्या एकानंही कधी बर्फात चाळीस माणसांचा चहा उकळलेला दिसत नव्हता. मी निघतो म्हटल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही शांतता सांगणार? आधी घरात भांडी आपटायची बंद करा." मी म्हटलं, मी सांगणार नाही, नुसता रांधणार आहे. ती म्हणाली, मग जा.

सालेकसा

कराड ते गोंदिया या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही, बूड दुखलं एवढंच. गोंदियाहून पुढं गाडी निघाली आणि थोड्या वेळानं दोन्ही बाजूंना जंगल लागलं. आमच्याकडं जंगल डोंगरावर असतं. इथं ते सपाटीवर, अगदी रुळांपर्यंत आलेलं. मधे धानाची कापलेली खाचरं. त्यांना इथं बांधी म्हणतात. धान निघून गेलं होतं आणि त्याच ओलीवर लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं पीक हिरवंगार उभं होतं. न नांगरता, न पाणी देता आलेलं पीक बघून माझ्यातला शेतकरी जरा जळला.

टेकचंदच्या बायकोनं पहिल्याच जेवणाला भाताचा डोंगर वाढला. आमच्याकडं भात म्हणजे शेवटचे दोन घास. इथं भातानं सुरुवात आणि भातानंच शेवट. मी भाकरी आहे का विचारलं तर वहिनी काळजीनं म्हणाल्या, "तब्येत बरी नाही काय जी?" त्यानंतर मी आठ दिवस भाकरीचं नाव काढलं नाही.

चौघांची ओळख दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. महाराज कीर्तनकार. गळ्यात तुळशीची माळ, आवाज असा की माईक नसला तरी चालेल. कांदालसूण वर्ज्य. मौलाना गोंदिया शहरातले, बारीक अंगाचे, हिंदीत बोलणारे. त्यांना साखरेचा आजार, म्हणून भात मोजकाच. भन्ते सगळ्यांत तरुण. दुपारी बारानंतर ते अन्नाला शिवत नाहीत. आणि फादर. ते छत्तीसगढच्या बाजूचे, गोलमटोल, त्यांना सगळं चालतं आणि सगळं दोनदा चालतं. टेकचंद चौघांसाठी चार भांडी लावत होता, म्हणूनच तो वेडा व्हायला आला होता. मी सांगितलं, एकच पातेलं. बिनकांद्याचं वरण, भात, एक भाजी, आणि साडेअकराला पंगत. ज्याला जे नको ते त्यानं सोडावं, मी वेगळं काही करणार नाही. चौघांनी माना डोलावल्या. आचाऱ्यानं आवाज चढवला की थोर माणसंही ऐकतात, हा माझा जुना अनुभव आहे.

त्यांचा स्वतःचा एक नियम होता, तो मला फार आवडला. प्रत्येकानं फक्त आपल्या घरचं बोलायचं. आपल्या धर्माचं नाव घेऊन आपल्याच माणसांनी कुठं तलवार उचलली, कुठं चुकलं, एवढंच सांगायचं. दुसऱ्याच्या घरचा केर काढायचा नाही. बोलायला सोपं वाटतं. पण चारचौघांत माईकवर आपल्याच घरचा केर काढून बघा, म्हणजे कळेल.

सालेकश्याच्या आठवडी बाजारात पहिली सभा होती. बाजार चांगला भरला होता. सुकी मासळी, वांगी, मोहफुलं, बांबूच्या टोपल्या. माईक लागला, माणसं जमली, आणि सभा सुरूच होईना. महाराज मौलानांना म्हणाले, आधी तुम्ही. मौलाना म्हणाले, "नहीं नहीं, पहले भन्तेजी." भन्ते म्हणाले, फादर वयानं मोठे. फादर म्हणाले, महाराजांचा हा मुलूख. अशी फेरी तीनदा झाली. आपला धर्म पुढं दिसू नये म्हणून चौघंही मागं सरकत होते, आणि समोरची माणसं वांगी घेऊन घरी निघाली होती. माझं डोकं फिरलं. मी माईक घेतला आणि म्हटलं, ज्याचं जेवण आधी उरकलं तो आधी बोलेल. त्या हिशोबानं फादर पहिले निघाले, आणि संथपणे चावून खाणारे भन्ते शेवटचे. पुढं तोच क्रम पडून गेला.

चौघं छान बोलले. लोकांनी ऐकलंही. शेवटी एक गोंड म्हातारा उठला. कमरेला पंचा, हातात काठी. त्यानं विचारलं, "लढाई कोन करून राहिला? आमी त नाही करत. आमच्या जंगलानं दोनीकडच्या बंदुका पाहून घेतल्या. मंग आमाले कायले सांगता? जे करतेत त्याइले सांगा ना."

महाराज काहीतरी देशाबद्दल, समाजाबद्दल बोलले, पण ते उत्तर नव्हतं हे त्यांनाही कळत होतं. म्हातारा शांतपणे "बरं" म्हणून निघून गेला. परतताना जीपमध्ये मौलाना म्हणाले, "बात तो सही पूछी उसने।"

नवेगाव बांध

नवेगाव बांधाचा तलाव बघून मी जीपमधून उतरलो तो पाच मिनिटं तिथंच उभा राहिलो. आमच्याकडं धरणं आहेत, मोठमोठी आहेत, पण ती सरकारनं बांधली. हा तलाव शेकडो वर्षांपूर्वी कोहळी शेतकऱ्यांनी मातीच्या टोपल्या वाहून बांधला, आणि अजून तो पाणी धरून आहे. डोंगरांच्या मधे पाणी, पाण्यावर पाखरांचे थवे, आणि काठाला होड्या ओढून ठेवलेल्या. कोहळी समाजाची ही खासियत म्हणे. जिथं गेले तिथं आधी तलाव खोदला, मग गाव वसवलं.

इथं फादरांनी मला अडचणीत आणलं. काठावरच्या एका ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या घरी आमचा मुक्काम होता. घरधनीण पहाटेचे ताजे मासे घेऊन आली. फादरांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला नाही म्हणवेना. वरण, भात आणि कमळाच्या देठांची भाजी वेगळी झाकून ठेवून मी शेवटी मासे टाकले. तेल तापलं, वास सुटला, आणि महाराज अंगणात आले. आता काहीतरी ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत उभा राहिलो. महाराज पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढा. माळ गळ्यात आहे, नाकात नाही." त्या दिवशी कमळाच्या देठांची भाजी महाराजांनी तीनदा घेतली. देठ कुरकुरीत होते आणि आत जाळीदार. ही भाजी मी आता कराडला लग्नात करायची म्हणतोय, पण देठ मिळायला हवेत.

जेवण झाल्यावर टेकचंद मला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर घेऊन गेला. चालता चालता म्हणाला, "उद्या केशोरीकडे जायाचं आहे. तिथं जरा भानगड आहे."

भानगड अशी. केशोरीपासून थोडं आत एक गाव आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण मला तसं सांगितलंय. टेकचंदची मानलेली बहीण शेवंताबाई त्या गावची. तिचा एकुलता एक मुलगा गजानन फौजेत आहे आणि त्या वेळी सीमेवर होता. गावातल्या लोकांनी सभेला हरकत घेतली होती. आमच्या गावचा पोरगा तिकडं बंदूक घेऊन उभा आहे आणि तुम्ही इथं लढाई नको म्हणता, म्हणजे तो काय चुकीचं काम करतो का, असं त्यांचं म्हणणं. हरकतीत सगळ्यांत पुढं होते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. शेवटी पंचायतीत ठरलं की गजाननच्या घरानं हो म्हटलं तर सभा, नाही म्हटलं तर नाही. आणि शेवंताबाई नाही म्हणत होती.

"म्हणून तुले बोलावलं," टेकचंद म्हणाला.

"स्वयंपाकाला नाही?"

"सैपाक मी बी करतो. तू फौजवाला. तू तिले सांग का फौजवाला आदमी बी लढाई नको म्हनते. माह्यं ते आयकत नाही. म्हनते तू माहा भाऊ, तू गोडच बोलशीन."

मला राग आला. कुणी मला न सांगता कामाला जुंपलेलं मला चालत नाही. शिवाय लढाईबद्दल मी बोलत नाही, हे टेकचंदला चांगलं माहीत होतं. तो रजेवर असताना जे घडलं ते मी त्यालाही कधी सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, मी रांधीन, बोलणार नाही. तो म्हणाला, "नको बोलू. चल तर खरा."

केशोरीच्या पुढं

गाव लहान, स्वच्छ. घरांच्या भिंती शेणामातीनं सारवलेल्या. गावाच्या डोक्याशी तलाव, तलावाच्या पाळीखाली उतरत गेलेल्या बांध्या. उन्हाळी धानाची रोवणी, म्हणजे लावणी जवळ आलेली. शेवंताबाई अंगणात उभी होती. पन्नाशीची, काटक, पदर खोचलेला, हातात लोखंडी पहार. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीला कधी सोडायचं हे काम ज्याच्याकडं असतं त्याला पाटकरी म्हणतात. तिचा नवरा गावचा पाटकरी होता. तो गेल्यावर गावानं पहार तिच्या हातात दिली. आमच्याकडं पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटतात, आणि इथं एका बाईच्या शब्दावर अख्खं गाव पाणी घेतं, हे मला आधी खरंच वाटेना.

तिनं आम्हाला चटईवर बसवलं, चहा दिला, आणि सरळ विषयाला हात घातला. "मी नाही म्हनलं ना जी. तरी काऊन आले?"

महाराज हळू आवाजात म्हणाले, "जबरदस्ती नाही, ताई. तुमचं म्हणणं ऐकायला आलो."

"मंग आयका. माह्या पोराच्या पाठीमागं हे गाव उभं आहे. तो येते तं सारे स्टँडवर घ्याले जातेत. उद्या मी हो म्हनलं तं लोक म्हनतीन, त्याची माय लढाईले भेली. मंग तो कोन्या तोंडानं येईल गावात? तुमी सभा करान अना चालले जान. मले इथंच राहाचं आहे."

बोलणं खरं होतं. मौलाना कप खाली ठेवून म्हणाले, "बहनजी, मैं अमन की बात करूँ तो लोग कहते हैं, डर के मारे बोल रहा है। आपको भी वही कहेंगे। मैं आपसे हाँ कैसे करवाऊँ? मुझे तो मालूम है कैसा लगता है।" शेवंताबाईनं पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. महाराज म्हणाले, "मी बोललो तर म्हणतात, महाराज मऊ पडले. दोन गावांनी माझं कीर्तन रद्द केलं यंदा." ते हसून सांगत होते, पण त्यांना ते लागलं होतं हे दिसत होतं.

मग तिची नजर माझ्यावर आली. "हा कोन?"

टेकचंद म्हणाला, "माह्यासंगं लंगरमधी होता. हनमंतभाऊ."

"जेवन बनवे?"

"हो," मी म्हटलं. "चोवीस वर्षं."

ती माझ्यासमोर येऊन बसली. पहार शेजारी ठेवली. "मंग तुमी खरं सांगा. तिथं लढाई व्हाची असली का पोट्टे जेवतेत काय? भूक लागते त्याइले?"

मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. जेवतात हो, पोटभर जेवतात, असं म्हणायचं वाक्य माझ्या ओठावर होतं. आईला आणखी काय सांगणार? पण माझ्या स्वयंपाकाबद्दल मला खोटं बोलता येत नाही, हा माझा दोष आहे.

"नाही जेवत," मी म्हटलं. "कितीही चांगलं करा, ताटात चिवडत बसतात. विचारलं तर म्हणतात, उस्ताद, पोट भरलंय."

मग जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्या अंगणात सांगून टाकलं. एकदा वर डोंगरावरच्या चौकीत असताना मी चाळीस जणांसाठी पुरी, बटाट्याची भाजी आणि शिरा केला होता. कुणी धड खाल्लं नाही. म्हणाले, आल्यावर खाऊ. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले तेव्हा मी शिरा पुन्हा गरम केला आणि सवयीनं चाळीस ताटं लावली. पंगत उठली तेव्हा दोन ताटं तशीच होती. तेव्हापासून शेवटचा माणूस जेवल्याशिवाय मला घास उतरत नाही. लग्नातसुद्धा मांडव रिकामा होईपर्यंत मी जेवत नाही. बायकोला वाटतं ही धंद्याची शिस्त आहे.

टेकचंद जमिनीकडं बघत होता. फादरांनी चष्मा काढून हातात धरला होता.

शेवंताबाई म्हणाली, "गज्जू रोज फोनवर म्हनते, जेवलो माय. मस्त जेवलो." ती उठली. "म्हंजे खोटा बोलते." मला वाटलं, मी या बाईच्या गळ्यात आयुष्यभराची काळजी बांधून दिली. पण ती पहार खांद्यावर टाकत म्हणाली, "बरं केलं सांगितलं. चला, माही पानी सोडाची येर झाली."

आम्ही सगळे तिच्या मागं पाळीवर गेलो. तिथं तलावाचं पाणी बाहेर सोडायची मोरी असते, तिला तुडूम म्हणतात. तिनं पहारीनं तिचं लाकडी बूच सैल केलं आणि पाणी पाटात उसळलं. जवळच्या बांध्या कोरड्या होत्या. पाणी त्यांच्या अंगावरून, तोंडं बंद असलेल्या बांध्यांना वळसा घालत, सरळ खाली निघून गेलं. पार शेवटच्या बांधीपर्यंत. तिथं एक माणूस फावडं घेऊन उभा होता. त्यानं दुरून हात वर केला.

फादरांनी विचारलं, "पास वाला खेत छोड़ के पहले उधर काहे?"

"आमच्या गावात शेवटल्या बांधीले पहिले पानी," शेवंताबाई म्हणाली. "सासऱ्याच्या बी आधीपासून. जवळच्याले काय, तलाव त्याच्या डोऱ्यापुढं आहे. त्याले मालूम आहे का पानी भेटनच. शेवटल्याले मालूम नसते. अना ज्याले मालूम नसते ना जी, तोच कुऱ्हाड उचलते. पानी कमी आहे म्हनून भांडन नाही होत. आपली बारी येईल का नाही, या भेवानं होते."

भन्ते तोपर्यंत क्वचितच बोलले होते. ते म्हणाले, "ताई, हे तुम्हीच उद्या सांगाल का?"

तिनं पाण्याकडं बघत विचार केला. पाटातलं पाणी खाली चमकत होतं. मग म्हणाली, "सांगीन. सकारी दहाले, इथंच पारीवर. पन माह्या पोराचं नाव कोनी घ्याचं नाही. तुमी बी नाही अना गाववाल्याइनं बी नाही. तो कोनाच्या बोलन्याचा झेंडा नाही." चौघांनी एकदम मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव पाळीवर होतं. तंटामुक्तीचे अध्यक्षही होते, हाताची घडी घालून, सगळ्यांत मागं. जेवणाच्या ठरलेल्या क्रमानं फादर बोलायला उठले, तर शेवंताबाईनं त्यांना खाली बसवलं. "रोज शेवटी कोन बोलते?" मी भन्त्यांकडं बोट दाखवलं. "मंग आज ते पहिले." चार दिवसांत पहिल्यांदाच भन्त्यांचं बोलणं भरल्या सभेनं ऐकलं. मग बाकीचे तिघं आपापल्या घरचा केर काढून बसले. मौलाना बोलताना मागून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. अध्यक्षांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं, तो गप्प झाला. तंटामुक्तीचा मान त्यांनी राखला म्हणायचा.

शेवंताबाई सगळ्यांत शेवटी उठली. तिनं माईक घेतला नाही. "लढाई आपन नाही करत," ती म्हणाली. "पन हो तं आपनच म्हनतो. टीव्हीपुढं बसून म्हनतो. मी बी म्हनलं आहे. आता नाही म्हनत. मी भेली म्हनून नाही. ज्याचे लेकरं तिथं उभे आहेत त्याइले पहिले इचारा, मंग हो म्हना. शेवटल्याले पहिले इचारा. आपल्या गावात पान्याची रीत आहे ना, तेच रीत." एवढंच बोलून ती खाली बसली. मला सालेकश्याचा म्हातारा आठवला. आमाले कायले सांगता, या त्याच्या प्रश्नाचं उत्तर चार धर्मांच्या चार माणसांना सापडलं नव्हतं. ते या बाईकडं होतं.

टाळ्या फार पडल्या नाहीत. माणसं जागेवर बसून राहिली, आणि मला ते टाळ्यांपेक्षा बरं वाटलं. मग अध्यक्ष पुढं आले. "शेवंताबाई," ते म्हणाले, "माहा नातू बी यंदा भरतीले जाऊन राहिला. त्याच्या मायले कोनी इचारलं नाही. मी बी नाही." ते तिथंच पहिल्या रांगेत बसले.

जेवण भन्त्यांमुळं साडेअकरालाच होतं. वरण, भात, वांग्याची भाजी, सगळं एकाच चुलीवर. पळसाच्या पत्रावळी मांडत होतो तेवढ्यात शेवंताबाईचा फोन वाजला. गजानन होता. तिनं सगळ्यांसमोरच विचारलं, "जेवला का रे?" पलीकडून हो आलं असावं. ती म्हणाली, "खोटं नोको बोलू. इथं तुमचा एक लंगरवाला बसला आहे. त्यानं सारं सांगून टाकलं मले." मग ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा बदलत गेला. "बरं," ती म्हणाली. "पहिले जा. जेव. मंग फोन कर, मी वाट पाहून राहिली." फोन ठेवून तिनं पदरानं डोळे पुसले, लपवले नाहीत. "नाही जेवला म्हने. कालपासून. आता जातो म्हनते."

पंगत बसली. मी वाढायला वरणाचं पातेलं उचललं, तर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि खाली ठेवलं. पंगतीच्या अगदी टोकाला एक पत्रावळ मांडली आणि म्हणाली, "बसा."

मी म्हटलं, "सगळ्यांचं होऊ द्या. मी मागून."

"मागून जेवनारा कोन आहे इथं?"

"मी."

"मंग पहिले तुमी. गावाची रीत आहे."

महाराज, मौलाना, भन्ते, फादर, अध्यक्ष, सगळं गाव रिकाम्या पत्रावळींसमोर हात मागं घेऊन बसलं होतं. टेकचंदनं मला भात वाढला, शेवंताबाईनं वरण. दोघंही समोरून हलेनात. मी पहिला घास घेतला. तो उतरायला वेळ लागला. मग दुसरा घेतला. बारा वाजायला आले होते आणि भन्त्यांची वेळ टळत होती, तरी तेही तसेच बसून होते. मी जेवतोय हे नीट पाहिल्यावर शेवंताबाईनं पातेलं उचललं आणि पुढं वाढायला निघाली.

तिचा फोन माझ्या पत्रावळीशेजारी ठेवलेला होता. मी अर्धा भात संपवला तेव्हा तो वाजला. पडद्यावर गज्जूचं नाव होतं.